विश्वारंभीचे तंतू आणि खोडदच्या तबकड्या

(चिंचोळी एमआयडीसी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत विश्वाच्या आरंभाचा विषय काढावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटण्याजोगे आहे. एका अंगाने सोलापूर-पुणे महामार्गावरील अवजड वाहनांची अखंड रीघ, जवळच पाकणीकडून जाणारा लोहमार्ग आणि मधल्या भूमीवर बॉयलर, रिॲक्टर व कॉम्प्रेसर यांचा दिवसरात्र चालणारा घरघराट, असा हा परिसर. आकाशाकडे पाहण्यास येथे उसंत कोणाला? तथापि आजच्या विषयाचे मर्म ज्या एका घटनेत दडलेले आहे, ती घटना या वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत नित्य घडत असते. ती घटना म्हणजे गरम द्रावण निवताना त्याचे स्फटिक बनणे.

रिॲक्टरमधील द्रावण जॅकेटमध्ये थंड पाणी सोडून निववले जाते. ते सावकाश निवले तर दाणा मोठा व स्वच्छ पडतो. घाईने निववले तर दाणा बारीक पडतो. ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पदवीधराइतकीच प्लँटवरील जुन्या ऑपरेटरलाही ठाऊक असते. घरी खडीसाखर करणाऱ्या गृहिणीलाही ती ठाऊक होती. याचे कारण सरळ आहे. द्रावण निवू लागले की स्फटिक एकाच जागी सुरू होत नाही. अनेक ठिकाणी एकाच वेळी सुरू होतो. प्रत्येक ठिकाणी कणांची रांग कोणत्या दिशेने लागावी हे त्या ठिकाणापुरते ठरते. शेजारच्या ठिकाणी काय ठरले याचा निरोप पोहोचण्यास वेळ लागतो. निवण्याची घाई असेल तर निरोप पोहोचण्यापूर्वीच दोन्ही ठिकाणचे निर्णय पक्के होतात आणि जेथे ते एकमेकांस भेटतात तेथे रांगा जुळत नाहीत. त्या न जुळलेल्या जागेला दोष म्हणतात.

हाच विचार संपूर्ण विश्वाला लावण्याचे धाडस टॉम किबल या भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ साली केले. किबल हे लंडनच्या इंपिरियल कॉलेजात अध्यापक असले, तरी त्यांचा जन्म १९३२ साली आपल्याच देशात, मद्रास येथे झाला होता. त्यांचे वडील तेथील ख्रिश्चन कॉलेजात शिकवीत असत. किबल यांचे म्हणणे थोडक्यात असे. आरंभी विश्व कल्पनातीत उष्ण होते आणि प्रसरण पावता पावता ते निवत गेले. निवताना, पाण्याचे बर्फ व्हावे तशी, त्याची अवस्थांतरे झाली. विश्वातही कोणताही निरोप प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. सबब दूरदूरच्या भागांनी आपापले निर्णय स्वतंत्रपणे घेतले असणार, आणि जेथे ते जुळले नाहीत तेथे दोष राहून गेले असणार.

दोष निरनिराळ्या प्रकारचे असतात. काही भिंतीसारखे, काही बिंदूसारखे, तर काही रेषेसारखे. रेषेसारख्या दोषांना वैश्विक तंतू असे म्हणतात. त्यांची कल्पना येण्यास डोक्यावरील केसांचा भोवरा आठवावा. भोवऱ्याभोवती बोट फिरवले तर केसांची दिशा क्रमाने बदलत पूर्ण फेरा घेते. मग अगदी मध्यबिंदूवरील केसाने कोणती दिशा घ्यावी? त्याला कोणतीच दिशा घेता येत नाही. कितीही विंचरले तरी भोवरा जागचा सरकेल, परंतु नाहीसा होणार नाही. असे असंख्य भोवरे एकावर एक रचले म्हणजे त्यांच्या मध्यबिंदूंची जी रेषा होईल तो तंतू. त्या रेषेत विश्वाची मूळची उष्ण अवस्था जणू कोंडून राहिलेली असते. अशा तंतूला टोक नसते. तो एक तर विश्वाच्या आरपार गेलेला असतो, नाही तर स्वतःशीच मिळून त्याचे कडे झालेले असते.

ही केवळ कागदावरील कल्पना नव्हे, हे प्रयोगशाळेतही दिसून आले आहे. अर्थात विश्वातील तंतू कोणी पाहिलेला नाही. परंतु किबल यांनी सांगितलेली रीत द्रव-स्फटिकात घडते, हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखविले. त्या प्रयोगात पुढे भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत कार्यरत राहिलेले अजित मोहन श्रीवास्तव हे एक भागीदार होते. घड्याळात आणि कॅलक्युलेटरच्या पडद्यात असतो तशा जातीचा द्रव निवताना त्यात रेषारूप दोषांचे जाळे प्रत्यक्ष उमटते आणि त्याची घनता गणिताशी जुळते.

आता या तंतूचे वजन किती, हे ऐकण्यासारखे आहे. त्याची जाडी अणुगर्भातील प्रोटॉनहूनही कितीतरी कमी. परंतु आजवरच्या निरीक्षणांनी जी कमाल मर्यादा घातली आहे तिच्या आसपासचा तंतू घेतला, तरी पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती एक वेढा देण्यास जेवढा लागेल तेवढ्या तुकड्याचे वस्तुमान जवळजवळ पृथ्वीच्या वस्तुमानाइतके भरेल! शिवाय त्याला प्रचंड ताण असतो. सोलापूरकरांना सुताच्या ताणाची ओळख वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही. मागावर ताण बिघडला की कापड बिघडते. ताणलेला तंतू स्वस्थ बसू शकत नाही. तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने हेलकावे घेतो. दोन तंतू एकमेकांवर आदळले की त्यांची टोके अदलाबदल होऊन जोडली जातात, आणि एकच तंतू स्वतःला छेदून गेला तर त्यातून कडे सुटून वेगळे होते. हे कडे थरथरत राहते आणि थरथरताना आपली शक्ती गमावीत अखेर विरून जाते.

ही गमावलेली शक्ती जाते कोठे? ती गुरुत्वीय लहरींच्या रूपाने बाहेर पडते. १९८५ साली अलेक्झांडर व्हिलेन्किन आणि त्यांचे भारतीय वंशाचे सहकारी तन्मय वाचस्पती यांनी या लहरींचे सविस्तर गणित मांडले.

गुरुत्वीय लहर म्हणजे काय, हे येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापुरातही घरे हादरली. खडक हलले म्हणून जमिनीतून लहर आली. गुरुत्वीय लहरीत खडक, हवा वा पाणी असे कोणतेच माध्यम हलत नाही. प्रत्यक्ष अवकाशच ताणले आणि आकसले जाते. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली या लहरींचे भाकीत केले. त्या प्रत्यक्ष टिपल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगो या जोड-वेधशाळेत. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि त्या लहरीने चार किलोमीटर लांबीच्या भुजेत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्याही सहस्रांशाच्या आसपास होता. गोंगाटातून असा क्षीण संकेत वेचून काढण्याच्या गणिती पद्धतीत पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांचे कार्य पायाभूत मानले जाते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. महामार्ग, लोहमार्ग आणि कारखाने यांच्या कंपनांपासून दूर अशीच जागा तिला हवी होती. चिंचोळी या कसोटीस कधीच उतरली नसती, यात चिंचोळीचा कमीपणा नाही.

तंतूंच्या लहरींकडे शास्त्रज्ञांचे एवढे लक्ष का, याचे कारण असे की प्रकाशाने विश्वाच्या भूतकाळात एका मर्यादेपलीकडे पाहता येत नाही. सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या इतिहासात पहिली ३,८०,००० वर्षे विश्व दाट धुक्यासारखे अपारदर्शक होते. गुरुत्वीय लहरींना हे धुके अडवू शकत नाही. तंतू निर्माण झाले असतील तर त्यांनी सोडलेल्या लहरी त्या धुक्यातून निघून आजही आपल्यातून जात असतील. त्या सापडल्या तर अगदी पहिल्या क्षणांत निसर्गाची बले कशी विलग झाली याचा पुरावा हाती येईल. पृथ्वीवरील कोणतेही यंत्र तेवढी ऊर्जा निर्माण करू शकत नाही.

येथे लोक अनादी-अनंत आहे असे मानणाऱ्या परंपरेतील श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. ‘विश्वाचा आरंभ’ असे भौतिकशास्त्र म्हणते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की त्या अत्युष्ण अवस्थेपर्यंत आजची समीकरणे पोहोचतात. त्यापूर्वी काही होते की नव्हते याविषयी ती समीकरणे गप्प आहेत. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर, ज्यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले, त्यांनी तर महास्फोटाची कल्पनाच अखेरपर्यंत पूर्णपणे स्वीकारली नाही. दुसरी गोष्ट शब्दाची. लोकाची उंची चौदा रज्जू सांगितली आहे आणि रज्जू म्हणजे दोर. यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा लोकरचनेवरील प्राकृत ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाने १९४३ व १९५१ साली दोन भागांत प्रकाशित झाला, तो सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत. त्यामुळे ‘वैश्विक तंतू’ हा शब्द कानी पडताच रज्जूचे स्मरण होणे साहजिक आहे. परंतु रज्जू हे अंतराचे माप आहे आणि तंतू हा अवस्थांतरातील दोष. या दोहोंची गाठ मारल्याने ना आगमाचा गौरव होतो, ना विज्ञानाचा.

अशा घाईचे उदाहरण खुद्द शास्त्रज्ञांतही घडलेले आहे. जड तंतू एखाद्या दीर्घिकेच्या आणि आपल्या मध्ये आला तर त्या दीर्घिकेच्या दोन हुबेहूब, न वाकलेल्या प्रतिमा शेजारी शेजारी दिसाव्यात, असे गणित सांगते. २००३ साली इटलीतील व रशियातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने अशी जुळी जोडी सापडल्याचे प्रसिद्ध केले. मोठी खळबळ उडाली. पण जानेवारी २००६ मध्ये हबल दुर्बिणीने स्वच्छ छायाचित्रे घेतली, तेव्हा त्या खरोखरीच दोन निरनिराळ्या, शेजारच्या दीर्घिका निघाल्या. प्रकरण मिटले. त्या गटाने आपला दावा तपासण्याचा मार्ग स्वतःच खुला ठेवला होता, हे नमूद केले पाहिजे.

आता महाराष्ट्राकडे वळू. पुणे-नाशिक मार्गावर नारायणगावच्या पूर्वेस खोडद नावाचे गाव आहे. तेथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडलेल्या आहेत. या तबकड्या पत्र्याच्या नाहीत. पोलादी दोर ताणून त्यांच्यावर बारीक तारांची जाळी बसविली आहे, त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्चही. तंतूंचा माग काढणारे यंत्र स्वतः ताणलेल्या दोरांवर उभे असावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

खोडदहून ज्यांची निरीक्षणे होतात ते स्पंदक तारे म्हणजे निसर्गाची घड्याळेच होत. काही स्पंदक सेकंदाला शेकडो फेरे घेतात आणि प्रत्येक फेऱ्यास रेडिओ लहरींचा एक ठोका आपल्याकडे पाठवितात. मधल्या अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली तर ठोका किंचित लवकर वा उशिरा पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या कोट्यांश भागाच्या आसपास असतो आणि तो उमटण्यास वर्षानुवर्षे लागतात, कारण या लहरींच्या एकेका हेलकाव्याचा काळ वर्षांत मोजावा लागतो. एका स्पंदकाच्या चुकीवरून काहीच सिद्ध होत नाही. घड्याळ स्वतःच बिघडलेले असू शकते. म्हणून अनेक स्पंदकांची जोडीजोडीने तुलना करतात. आकाशातील त्यांच्या परस्पर कोनाप्रमाणे चुकांची जुळणी एका ठरावीक वक्रानुसार झाली पाहिजे, असे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ साली दाखविले होते. तो वक्र दिसला तरच लहर मानायची.

२९ जून २०२३ रोजी जगातील निरनिराळ्या गटांनी एकाच वेळी जाहीर केले की तो वक्र दिसू लागला आहे. युरोपीय गटाबरोबर भारतीय-जपानी ‘इनप्टा’ गटाचे निष्कर्ष त्यात होते. पंचवीस स्पंदक, सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदी आणि सहा मोठ्या रेडिओ दुर्बिणी. त्यांपैकी एक खोडदची. नोंदींचा कालावधी पाहिला तर खोडदचा वाटा लहान दिसेल, परंतु तो कळीचा आहे. तारकांमधील विरळ विद्युतभारित वायूमुळे ठोक्यास उशीर होतो आणि हा उशीर कमी कंप्रतेच्या लहरींत अधिक असतो. खोडदची दुर्बीण नेमकी कमी कंप्रतेवर अत्यंत संवेदनशील असल्याने, वायूमुळे झालेला उशीर किती आणि लहरीमुळे झालेला किती, हे वेगळे करण्यास ती उपयोगी पडते. धान्यातील खडे निवडल्यावाचून त्याचे वजन करण्यात अर्थ नसतो.

मग हा संकेत तंतूंचा आहे काय? बहुसंख्य शास्त्रज्ञ आज पहिले नाव घेतात ते दीर्घिकांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांचे. दीर्घिका एकमेकींत मिसळतात हे माहीत आहे, त्यांच्या केंद्रांत कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे असतात हेही माहीत आहे. तेव्हा त्यांच्या जोड्या असणार आणि त्या लहरी सोडणार, हे अनुमान बळकट आहे. अमेरिकन गटाने २०२३ साली आपल्या नोंदी विश्वारंभीच्या अनेक संभाव्य कारणांशीही ताडून पाहिल्या. त्यात किबल यांच्या मूळ कल्पनेतील साधे, चिरस्थायी तंतू नोंदींशी नीट जुळले नाहीत. संकेताची चढण त्यांच्या लहरींच्या चढणीपेक्षा तीव्र आहे. कालांतराने तुटणारे तंतू किंवा स्ट्रिंग सिद्धांतातून येणारे तंतू मात्र अद्याप स्पर्धेत आहेत. शिवाय संकेताची खात्री भौतिकशास्त्रात ‘शोध’ म्हणण्यासाठी जी रूढ कसोटी आहे, तिच्याइतकी त्या वेळी झालेली नव्हती. संबंधित गटांनी ‘पुरावा’ हा शब्द वापरला आणि ‘शोध’ हा टाळला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा फरक फारसा उरला नाही, ही खेदाची बाब होय.

तंतू सापडले नाहीत म्हणजे श्रम वाया गेले, असे समजू नये. तंतूचा ताण मोजण्याचा एक शुद्ध आकडा आहे. प्लँक उपग्रहाने आरंभीच्या प्रकाशाचे जे निरीक्षण केले त्यावरून २०१३ साली तो आकडा एका कोटीत सुमारे दीड भागाहून कमी असला पाहिजे, असे ठरले. स्पंदकांनी ही मर्यादा आणखी खाली, हजार कोटींत एका भागाच्या आसपास आणून ठेवली. किबल यांच्या नंतरच्या पिढीने ज्या जड तंतूंपासून दीर्घिकांची बीजे पडली असतील असे मानले होते, ते तंतू त्यामुळे केव्हाच बाद झाले.

आणखी एक खूण शोधली जाते. पोतराजाच्या आसुडाचा कडाका ज्यांनी ऐकला आहे त्यांना ती चटकन समजेल. आसूड फटकारला की त्याचे टोक ध्वनीपेक्षाही अधिक वेगाने जाते, म्हणून तो कडाका होतो. तंतूच्या थरथरत्या कड्यावरील एखादा बिंदूही क्षणभर प्रकाशाचा वेग गाठतो आणि त्या क्षणी लहरींचा एक झोत एका दिशेने सुटतो. लायगो आणि तिच्या सहयोगी वेधशाळांनी आपल्या तिसऱ्या निरीक्षण-पर्वाच्या नोंदींत असे झोत शोधले. २०२१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत एकही सापडला नव्हता.

या साऱ्या उद्योगाची किंमत कोण देतो, याचाही विचार औद्योगिक वसाहतीत बसून करणे उचित ठरेल. रेडिओ दुर्बिणीस शांतता लागते. ध्वनीची नव्हे, रेडिओ लहरींची. वेल्डिंगची ठिणगी, मोटारीचे ब्रश, मोबाइलचा मनोरा, विजेची गळकी तार, या प्रत्येकाचा तिला त्रास होतो. म्हणून खोडदच्या परिसरात असा गोंगाट करणाऱ्या उद्योगांवर निर्बंध आहेत. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणीही या दुर्बिणीपायी वादात सापडली. चिंचोळीला जे मिळाले, म्हणजे भूखंड, वीज, रोजगार, ते जुन्नर तालुक्याच्या त्या पट्ट्यास तशा प्रमाणात मिळू शकत नाही. तेथील तरुणाने याबद्दल तक्रार केली तर तो विज्ञानाचा शत्रू ठरत नाही. त्याच्या वाट्यास या ज्ञानातून काय येते, याचे उत्तर शासनाने आणि संस्थांनी त्याला दिले पाहिजे. शांततेची भरपाई हा विषय आजवर पुरेशा गांभीर्याने चर्चिला गेलेला नाही.

निर्णय कसा लागेल? कृष्णविवरांच्या जोड्या असतील तर जवळची जोडी आकाशात जरा ठळक दिसेल, म्हणजे संकेत सर्व दिशांनी सारखा असणार नाही; तंतूंचा असेल तर तो जवळजवळ सारखा येईल. दुसरे असे की, कृष्णविवरांचा हा संकेत अतिमंद कंपनांपुरताच मर्यादित राहील, तर तंतूंचा जलद कंपनांतही पसरलेला असेल. ही मधली कंपने टिपण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये ‘लिसा’ या तीन यानांच्या मोहिमेस अंतिम मान्यता दिली असून तिचे उड्डाण २०३५ साली अपेक्षित आहे. तोवर खोडदच्या तबकड्या साधारण दर पंधरवड्यास त्याच स्पंदकांकडे वळत आहेत आणि नोंदी वाढत आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तेथे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे आणि त्या वेळी शाळकरी मुलांनाही दुर्बीण जवळून पाहता येते. सोलापूरहून पुण्यामार्गे तेथे जाण्यास एक दिवस पुरतो. जाताना मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो.